यंत्राच्या बोलींतील लेखन व त्याची पारख

गेल्या स्नेहसंमेलनाच्या सुमारास आमच्या संगणकवर्गाच्या हातून एक चूक घडली. ती निस्तरतां निस्तरतां आम्हांस जें शिकावयास मिळालें तें या अंकांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय प्रथमदर्शनीं रूक्ष वाटेल. परंतु ज्यांच्या घरीं मोबाइल फोन आहे त्या सर्वांचा या विषयाशीं रोज संबंध येतो, मग तें त्यांस ठाऊक असो वा नसो.

हकीकत अशी. येथील एका पालकांनीं आपल्या दिवंगत वडिलांच्या वर्गाचें जुनें छायाचित्र आमच्याकडे आणून दिलें. कुडव्याच्या पावसाळ्यांनीं कागदाचे पापुद्रे सुटले होते व चेहरे काळवंडून गेले होते. चित्र उजळ करून मोठ्या आकारांत छापून मिळावें, एवढीच त्यांची इच्छा. आम्हीं तें स्कॅन केलें. पण काचेवरून उचलतांना जीर्ण कागदाचे दोन तुकडे झाले व मधला भाग चुरला. आतां धड अशी प्रत म्हणजे संगणकांत उतरलेली तेवढीच राहिली. चित्र उजळ करणारीं तयार साधनें कितीतरी आहेत. परंतु वर्गांत त्या दिवसांत असेंब्लीचा पाठ चालू होता, आणि नवें कांहीं शिकलेल्यास जेथें तेथें तेंच वापरून पाहण्याची हौस असते. आम्हीं स्वतःच्या हातानें आज्ञा लिहिल्या, नमुन्याच्या एका चित्रावर चालवून पाहिल्या, त्या उत्तम चालल्या. आणि मग त्या गृहस्थांच्या चित्रावर चालविल्या. पडद्यावर जें आलें त्यांत चेहरे स्वच्छ दिसत होते, परंतु मुलांचे पांढरे सदरे काळे ठिक्कर पडले होते! शिवाय डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक उजळ पट्टी उभी होती. आणि आमच्या आज्ञावलीनें हें बिघडलेलें चित्र मूळ फाईलीवरच लिहून ठेवलें होतें. त्या दिवशीं वर्गांत कोणी फारसें बोललें नाहीं.

असेंब्ली म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. संगणकाचें किंवा फोनचें सर्व काम ज्या भागांत चालतें त्यास प्रोसेसर म्हणतात. त्यास मराठी कळत नाहीं, इंग्रजीहि कळत नाहीं. त्यास कळतात त्या आंकड्यांच्या रूपांतील ठराविक आज्ञा : अमुक ठिकाणची संख्या उचल, तींत अमुक मिळव, उत्तर तमुक ठिकाणीं ठेव. या आंकड्यांस माणसाला वाचतां येतील अशीं आंखूड नांवें दिलीं म्हणजे असेंब्ली झाली. एरव्हीं आपण 'सी' सारख्या सोयीच्या भाषेंत लिहितों आणि कंपाइलर नांवाचा दुभाष्या तें यंत्राच्या बोलींत उतरवितो. हा दुभाष्या बहुधा चोख काम करतो. पण जेथें एकच क्रिया दर सेकंदास कोट्यवधि वेळां करावयाची असते, तेथें जाणता लेखक दुभाष्यास बाजूस ठेवून यंत्राशीं स्वतःच बोलतो.

असा प्रसंग कोठें येतो? फोनवरील हलत्या चित्रांत. १९२० बिंदू रुंद व १०८० बिंदू उंच अशा एका चित्रांत २०,७३,६०० बिंदू असतात, आणि सेकंदाला अशीं २५ चित्रें दाखवावयाचीं म्हणजे ५,१८,४०,००० बिंदूंचा हिशेब एका सेकंदांत झाला पाहिजे. २०२० सालीं शाळा बंद असतांना आपल्यांतील अनेकांनीं धडे फोनवरच पाहिले. स्वस्त व जुन्या फोनवर तो धडा अडखळतो कीं सुरळीत चालतो, बॅटरी तासभर पुरते कीं दोन तास, हें पुष्कळ अंशीं या हिशेबाच्या वेगावर अवलंबून असतें. हा हिशेब करणारी 'एफएफएमपेग' नांवाची सुप्रसिद्ध आज्ञावली फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थांनीं २००० सालीं सुरू केली. पुढें जगभरच्या लोकांनीं तींत भर घातली, आणि तिचे घाईचे भाग आजहि हातानेंच लिहिले जातात.

अडचण अशी कीं प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची बोली निराळी. टेबलावरील बहुतेक संगणकांत इंटेलच्या घराण्याचा प्रोसेसर असतो, तर आपल्या फोनांत बहुधा एआरएम या घराण्याचा. एकाची असेंब्ली दुसऱ्यास अक्षरशः कळत नाहीं. गोंदियाच्या वडीलधाऱ्या मंडळींस हें समजावून सांगावयास नको. आपल्या गोंदिया स्थानकांत पूर्वीं दोन रुंदींचे रूळ होते : मुंबई-हावड्याचा साडेपांच फुटी आणि बालाघाट-नैनपुरावरून जबलपुराकडे जाणारा अडीच फुटी. (आतां तो मार्गहि रुंद झाला आहे.) एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चालावयाचा नाहीं, माल उतरवावयाचा, दुसऱ्या डब्यांत भरावयाचा, आणि इकडे उतरलीं तितकीं पोतीं तिकडे चढलीं कीं नाहीं हें मोजून पाहावयाचें. आम्ही या लेखांत जें सांगणार आहोंत तें म्हणजे हीच पोत्यांची मोजणी होय.

महाराष्ट्रानें हा बदल अनेकदां अनुभविला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० सालीं कामास लागला. त्याचा एक शब्द ४० बिटांचा, आणि सबंध स्मृति अवघी २,०४८ शब्दांची. त्याच संस्थेंत १९६४ सालीं अमेरिकेहून 'सीडीसी ३६००' आला. त्याचा शब्द ४८ बिटांचा. टिफ्रॅकच्या बोलींत लिहिलेलें कांहींहि त्यावर जसेंच्या तसें चालणें शक्य नव्हतें. पुढें पुण्यास १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था निघाली आणि अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' तयार झाला. त्यांत ट्रान्सप्यूटर जातीचे प्रोसेसर होते. नंतरच्या 'परम ८६००' मध्यें इंटेलचा आय-८६०. १९९८ च्या 'परम १००००' मध्यें स्पार्क घराण्याचा. सात वर्षांत तीन बोली!

आतां आमच्या चुकीकडे वळूं. काळ्या-पांढऱ्या चित्रांतील प्रत्येक बिंदूचा उजेड एका बाइटांत, म्हणजे ० ते २५५ यांपैकीं एका आंकड्यानें ठेवतात. ० म्हणजे निव्वळ काळा, २५५ म्हणजे शुभ्र. आम्हांस प्रत्येक बिंदूंत ६० मिळवावयाचे होते. यंत्रांत बेरीज दोन प्रकारची असते. भास्कराचार्यांच्या 'लीलावतीं'त धान्याचें कुडव नांवाचें माप आहे; चार कुडवांचा एक प्रस्थ होतो. (आमच्या गांवाच्या नांवाशीं जुळतें म्हणून हें माप आम्हांस विशेष प्रिय आहे, इतकेंच.) कुडव शिगोशीग भरला कीं वर ओतलेले दाणे खालीं सांडतात, पण माप भरलेलेंच राहतें. पहिली बेरीज अशी : २५५ झाले कीं थांबली. दुसरी बेरीज घड्याळाच्या कांट्यासारखी. बारानंतर पुनः एक, तशी २५५ नंतर पुनः ०. इंटेलच्या बोलींत भरून थांबणाऱ्या बेरजेची आज्ञा 'पॅडयूएसबी' आणि फिरणाऱ्या बेरजेची 'पॅडबी'. दोन्ही एका दमांत सोळा बिंदूंची बेरीज करतात, आणि लिहिण्यांत दोहोंमध्यें दोन अक्षरांचा फरक. आम्हीं दुसरी लिहिली. सदऱ्याचा बिंदू २३० चा. ६० मिळवून २९० व्हावयाचे, ते २५६ वजा होऊन ३४ झाले. ३४ म्हणजे जवळजवळ काळा.

मग नमुन्याच्या चित्रावर ही चूक कां दिसली नाहीं? तें चित्र संध्याकाळीं घेतलेलें होतें. त्यांत १९५ च्या वरचा एकहि बिंदू नव्हता, आणि १९५ व ६० मिळून बरोबर २५५ होतात. आज्ञा चुकीची होती. तिला विचारलेला प्रश्न मात्र इतका सोपा कीं चुकीच्या आज्ञेनेंहि त्याचें उत्तर बरोबर यावें. डाव्या कडेच्या पट्टीचें कारणहि असेंच. नमुन्याचें चित्र १,०२४ बिंदू रुंद होतें, म्हणजे सोळाचे बरोबर ६४ घास. पालकांचें चित्र १,००३ बिंदू रुंद : ६२ घास झाल्यावर ११ बिंदू उरले. आमच्या आज्ञांस सोळांहून लहान घास ठाऊक नव्हता. त्यांनीं उरलेले ११ आणि पुढच्या ओळीचे पहिले ५ असे सोळा उचलले. त्या पांचांस ६० एकदां असे मिळाले व त्यांची ओळ आल्यावर पुनः मिळाले.

अशा चुका पकडण्याची रीत आम्हीं नंतर शोधून काढली, म्हणजे दुसऱ्यांनीं शोधलेली वाचून काढली. 'एक्स-२६४' नांवाच्या आज्ञावलीच्या लेखकांनीं 'चेकॲझम' हा परीक्षक तयार केला. पुढें एफएफएमपेगनेंहि तीच पद्धति घेतली. तिचें मूळ तत्त्व साधें आहे. प्रत्येक हातानें लिहिलेल्या तुकड्याबरोबर त्याच कामाची एक सरळ, संथ, सी भाषेंतील आवृत्ति ठेवावयाची. इतकी सरळ कीं वाचतांक्षणीं ती बरोबर आहे हें पटावें. मग दोघींस एकच सामग्री द्यावयाची व उत्तरें अक्षरशः पडताळावयाचीं. सामग्री आपल्या आवडीची निवडावयाची नाहीं. यदृच्छेनें, फांसे टाकल्याप्रमाणें निघालेल्या संख्या घ्यावयाच्या, म्हणजे आपल्या मनाला न सुचणारे प्रश्नहि विचारले जातात. ज्या बीजसंख्येपासून त्या निघाल्या ती मात्र टिपून ठेवावयाची. तेंच बीज पुनः पेरलें कीं तेंच पीक येतें, आणि सांपडलेली चूक हवी तेव्हां पुनः घडवून आणतां येते.

सर्वच प्रश्न कां विचारूं नयेत, असें एका विद्यार्थ्यानें विचारलें. दोन बाइटांच्या बेरजेपुरतें तें शक्य आहे : २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ जोड्या, आम्हीं त्या सर्व तपासल्या. पण बत्तीस बिटांच्या दोन संख्या घेतल्या तर जोड्या होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. सेकंदास शंभर कोटी जोड्या तपासणारें यंत्र बसविलें तरी सुमारें ५८४ वर्षें लागतील. म्हणून यदृच्छा, आणि तिच्या जोडीला मुद्दाम निवडलेल्या कडा : ०, २५५, एकच बिंदू, पंधरा बिंदू, सतरा बिंदू.

परीक्षक याहून खोल जातो. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर खूण करून ठेवावी आणि शेजाऱ्याचा नांगर इकडे सरकला कीं काय हें पाहावें, तसे तो सामग्रीच्या दोन्ही बाजूंस ओळखीचे आंकडे पेरतो व काम झाल्यावर ते जागच्या जागीं आहेत कीं नाहींत हें पाहतो. आमची पट्टी या एका खुणेनें पकडली गेली असती. तसेंच, बत्तीस बिटांची संख्या चौसष्ट बिटांच्या खणांत घातली असतां वरच्या अर्ध्या भागांत काय असेल याचें वचन कोणी दिलेलें नसतें. बहुधा तेथें शून्यें असतात व निष्काळजी लेखन निभावून जातें. म्हणून परीक्षक तेथें जाणूनबुजून कचरा भरतो. असा खाष्ट परीक्षक शाळेंत कोणास आवडावयाचा नाहीं. येथें तोच उपकारक.

इंटेलवरील दोन्ही चुका दुरुस्त झाल्यावर आम्हीं तेंच काम 'रास्पबेरी पाय' या तळहाताएवढ्या संगणकासाठीं लिहिलें. त्यांत एआरएम जातीचा प्रोसेसर असतो. या वेळीं बेरीज भरून थांबणारी घेतली, उरलेले बिंदू एकेक करून मोजले, आणि चित्र निर्दोष निघालें. परंतु त्याच चित्राचा सरासरी उजेड आमची मुख्य आज्ञावली मोजत होती, तो आंकडा भलताच आला. चित्र बरोबर, आणि ज्याला आम्हीं हात लावला नव्हता असें वाटत होतें तें चूक!

याचें कारण सांगावयास प्रोसेसरमधील रजिस्टरांची व्यवस्था सांगितली पाहिजे. रजिस्टरें म्हणजे हातचे आंकडे ठेवण्याचे थोडेसे खण. सर्व आज्ञा तेच आळीपाळीनें वापरतात. शाळेंतील फळ्याचा दृष्टान्त घ्या. पुढचे गुरुजी वर्गांत आले कीं फळा पुसतात. पण ज्या कोपऱ्यांत चौकट करून 'पुसूं नये' असें लिहिलेलें असतें तो भाग सोडून देतात, किंवा पुसलाच तर उतरवून घेऊन जातांना पुनः लिहून ठेवतात. प्रोसेसरच्या जगांतहि असा करार असतो : बोलावलेल्या तुकड्यानें अमुक रजिस्टरें खुशाल वापरावीं, अमुक होतीं तशीं परत करावीं. एआरएमच्या चौसष्ट बिटी करारांत ८ ते १५ या क्रमांकांच्या रुंद रजिस्टरांचा खालचा अर्धा भाग 'पुसूं नये' या सदरांत येतो. इंटेलवर, लिनक्समध्यें, अशा रुंद रजिस्टरांपैकीं एकहि राखावें लागत नाहीं. आम्हीं इंटेलवरची संवय घेऊन आठवें रजिस्टर वापरलें. मुख्य आज्ञावलीनें आपली सरासरी नेमकी तेथेंच ठेवली होती. गंमत अशी कीं त्याच इंटेलवर विंडोज असतें तर तेथील करारानें ६ ते १५ रजिस्टरें राखावीं लागलीं असतीं. यंत्र तेंच, बोली तीच, पण घरचे रीतिरिवाज वेगळे! चेकॲझम म्हणूनच उत्तराबरोबर फळ्याचे कोपरेहि तपासतो : राखावयाच्या रजिस्टरांत आधीं खुणेचे आंकडे भरतो व तुकडा परतल्यावर ते पाहतो.

तिसऱ्या बोलीचा प्रयोग मुंबईमुळें सुचला. मुंबईच्या आयआयटीमध्यें तयार झालेला 'अजित' हा प्रोसेसर २०१९ सालीं जाहीर झाला. त्याची बोली स्पार्क घराण्याची. तो आमच्याजवळ नाहीं. परंतु क्यूईएमयू नांवाची एक आज्ञावली आहे, जी एका प्रोसेसरवर दुसऱ्याचें सोंग वठविते. (हिचेहि मूळ लेखक तेच बेलार.) तिच्या साहाय्यानें आमची साधी सी आवृत्ति स्पार्कवर चालविली असतां चित्राची रुंदी १,००३ ऐवजीं ६०,१६३ निघाली! आम्हीं रुंदी दोन बाइटांत ठेवली होती : आधीं २३५, मग ३. इंटेल व आमचा एआरएम लहान भाग आधीं वाचतात : ३ गुणिले २५६ अधिक २३५, म्हणजे १,००३. स्पार्क मोठा भाग आधीं समजतो : २३५ गुणिले २५६ अधिक ३. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतांना पांच आधीं व वीस मागून उच्चारतों, इंग्रजींत वीस आधीं येतात. तसलाच हा प्रकार. आमची जी आवृत्ति आम्ही प्रमाण मानीत होतों तींतच ही खोट होती, हें आम्हांस विशेष लागलें. प्रमाण म्हणून घेतलेली वस्तुहि दुसऱ्या भूमीवर नेऊन पाहावी लागते. सोंगाच्या यंत्राची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. तेथें उत्तर तपासतां येतें, वेग तपासतां येत नाहीं. आणि हातानें लिहिण्याचा सगळा खटाटोप वेगासाठीं असतो. वेग खऱ्या यंत्रावरच मोजावा लागतो. आम्हीं दोन्ही यंत्रांवर तो मोजला, आणि सांगावयास संकोच वाटतो, आमच्या हातच्या आज्ञा व कंपाइलरनें पूर्ण कसोशीनें केलेलें भाषांतर यांत फरक नांवालाच निघाला. एवढ्या साध्या बेरजेस आमची गरज नव्हती.

आतां त्या छायाचित्राचें काय झालें, तें सांगतों. फिरणाऱ्या बेरजेंत कांहींहि हरवत नाहीं. ३४ मधून ६० वजा केले, उणे २६ आले, त्यांत २५६ मिळविले कीं पुनः २३० मिळतात. आम्हीं प्रत्येक बिंदूंतून ६० काढले, आणि पहिली ओळ सोडून बाकीच्या ओळींच्या डावीकडील पांच बिंदूंतून आणखी ६०. परत मिळालेलें चित्र खरें कशावरून? त्याच्या प्रतीवर आमची तीच सदोष आज्ञावली पुनः चालविली. निघालेलें चित्र बिघडलेल्या चित्राशीं बिंदुगणिक जुळलें. याच्या उलट, आम्हीं पहिल्याच दिवशीं बरोबर आज्ञा लिहिली असती, तर १९५ पासून २३० पर्यंतचे सर्व बिंदू एकजात २५५ होऊन बसले असते आणि ते वेगळे करण्याचा कोणताहि उपाय उरला नसता. मूळ फाईलीवर लिहिण्याची आमची चूक बेरजेच्या चुकीनें झांकली गेली, असें म्हणावें लागतें. हल्लीं वर्गांतील प्रत्येक मूळ फाईलीस केवळ वाचण्यापुरतें कुलूप असतें.

चित्र छापतांना आम्हीं ६० ऐवजीं २५ च मिळविले, कारण त्यांतील सर्वांत उजळ बिंदू २३० चा होता. चेहरे थोडे सांवळे राहिले. ते गृहस्थ चित्र न्यावयास आले तेव्हां त्यांनीं चेहऱ्याकडे नंतर पाहिलें. आधीं वडिलांच्या सदऱ्याच्या खिशापाशीं बोट नेलें. तेथें त्यांच्या आजीनें लावलेलें पांढरें ठिगळ होतें, तें दिसतें कीं नाहीं हें त्यांस पाहावयाचें होतें. तें दिसत होतें.